घरातल्याच वस्तूंची खेळपेटी



बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा होईपर्यंत तीन-चार वर्षांची लेकरं आईचा पदर ओढत राहतात. मग कुणीतरी मोबाइल हातात देतं आणि पोर गप्प होतं. पण गप्प बसलेलं पोर काही शिकत असतंच असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलं आहे की २ ते ४ वर्षांच्या मुलांनी दिवसभरात एका तासापेक्षा जास्त वेळ पडद्यासमोर बसू नये. कमी बसली तर आणखी चांगलं. मोबाइल काढून घ्यायचा तर हातात दुसरं काही द्यायला हवं. म्हणून आम्ही गटात खेळपेटी तयार केली. तिला खर्च असा आला नाही.

"आम्हालाच धड लिहिता येत नाही, आम्ही काय शिकवणार?" असं पुष्कळ आया म्हणतात. पण या वयात पाटी-पेन्सिलीच्या आधी हात, डोळे, कान आणि जीभ तयार व्हावी लागते. ते काम घरातच होतं. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. महागडी साधनं परवडणार नव्हती, तेव्हा शिंपले, बिया, पानं, खडे हीच त्यांची साधनं झाली. घराच्या अंगणात मुलं जमवायची, म्हणून अंगणवाडी. पुढे १९७५ पासून सरकारी योजनेतून अंगणवाडी देशभर गेली. म्हणजे ही वाट आपल्या मातीतलीच आहे.

आता खेळ ऐका.

पहिला खेळ निवडण्याचा. ताटात हरभरे, चिंचोके आणि मक्याचे दाणे एकत्र करा. समोर तीन वाट्या ठेवा. मूल एकेक दाणा चिमटीत धरून ज्याच्या त्याच्या वाटीत टाकेल. सारखं काय, वेगळं काय, हे त्याला कळतं. शिवाय चिमटीची हीच पकड पुढे पेन्सिल धरायला लागते.

दुसरा खेळ आवाजाचा. एकसारख्या सहा डब्या घ्या. दोन डब्यांत तांदूळ, दोनांत हरभरे, दोनांत खडे भरा. झाकणं चिकटपट्टीनं घट्ट बंद करा. मुलानं डबी हलवायची, ऐकायची आणि तिची जोडी शोधायची. ज्या कानाला आवाजातला फरक कळतो, त्याला पुढे 'त' आणि 'थ' मधला फरकही ओळखू येतो.

तिसरा खेळ पिशवीचा. उशीच्या अभ्र्यात कांदा, चमचा, नारळाची करवंटी, लोकरीचा तुकडा घाला. न बघता हात घालून ओळखायचं. ओळखलं की विचारा, कसं लागतंय? गार, खरबरीत, गुळगुळीत, जड. तुमच्या बोलीत जो शब्द असेल तोच वापरा. पुस्तकी शब्द शाळेत मिळतील. घरच्या भाषेत भरपूर बोललेलं मूल ते लवकर उचलतं.

चौथा खेळ मोजण्याचा. एक ते वीस पाठ म्हणणाऱ्या मुलाला "तीन लिंबं आण" म्हटलं तर ते पसाभर आणतं. कारण आकडे तोंडात असतात, हातात नसतात. म्हणून जेवायच्या वेळी सांगा, "ताटं मांड, प्रत्येक ताटात एक वाटी ठेव." वाटी कमी पडली की मूल स्वतःच म्हणेल, अजून एक पाहिजे. हे जमलं की पाच चिंचोके दाखवा, दोन मुठीत लपवा आणि तीन खाली ठेवा. मुठीत किती? वजाबाकीची सुरुवात इथंच होते.

मूल चुकलं तर "चुकलं" म्हणू नका. "परत बघ बरं" म्हणा आणि थांबा. उत्तर आपण सांगायची घाई करू नका. दहा-पंधरा मिनिटं पुरे. कंटाळलं की खेळ बंद.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तीन वर्षांखालच्या मुलांजवळ चिंचोके, दाणे, मणी, बटणं अजिबात नकोत; घशात अडकून श्वास कोंडतो. त्यांना मोठी झाकणं, वाट्या, लाकडी चमचे द्या. मोठ्या मुलांजवळही खेळताना जाणतं माणूस हवंच. पेरणीचं बियाणं कधी वापरू नका, त्याला औषध चोळलेलं असतं. फवारणीच्या औषधाची बाटली आणि तिचं झाकण कितीही धुतलं तरी खेळात घेऊ नका. गुंजेच्या लाल-काळ्या बिया दिसायला सुंदर, पण विषारी. एरंडाच्या बियाही तशाच. घड्याळातले बटणासारखे छोटे सेलही दूर ठेवा, गिळले तर जिवावर बेततं. खेळ झाला की वस्तू मुलाबरोबर मोजून पेटीत ठेवा. मोजणीही होते आणि एखादा दाणा खाली राहिला का, तेही कळतं.

अंगणवाडी चुकवून हे खेळ घेऊ नका. अंगणवाडीताईंना पेटी दाखवा, त्या आणखी खेळ सुचवतील. आजीलाही विचारा, सागरगोट्यांपासून कवड्यांपर्यंत तिच्याजवळ कितीतरी खेळ आहेत.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातली एक वस्तू आणा. दहा जणींच्या दहा वस्तू म्हणजे पेटी झाली. बैठक चालू असताना आळीपाळीनं एकीनं मुलांजवळ बसायचं, असं आम्ही ठरवलं आहे. तुम्हीही तसं ठरवा. हप्त्याच्या नोंदीखाली त्या दिवशी जिची पाळी, तिचं नाव लिहून ठेवा.