मेजवानीचे आमंत्रण नव्हते

फेब्रुवारी १९४६ मध्ये फिलाडेल्फिया येथे ‘एनिअ‍ॅक’ या अवाढव्य गणकयंत्राचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. तोफगोळ्याला लक्ष्य गाठण्यास जेवढा वेळ लागतो, त्याहून कमी वेळात यंत्राने त्याचा मार्ग मांडून दाखविला. या गणिताची यंत्रावरील सारी जुळणी बेट्टी स्नायडर आणि जीन जेनिंग्ज या दोन तरुणींची होती. त्या रात्रीच्या मेजवानीचे आमंत्रण मात्र त्यांना नव्हते.

विद्यापीठात पहिल्याच दिवशी गणिताच्या प्राध्यापकांनी मुलेबाळे सांभाळण्याचा सल्ला दिल्यामुळे बेट्टी वृत्तविद्येकडे वळल्या होत्या. महायुद्धाने पुरुष आघाडीवर नेले, तेव्हा कोठे गणित त्यांच्या वाट्याला परत आले. पुढे होल्बर्टन या नावाने ओळखल्या गेलेल्या या बाईंनी १९५१ मध्ये ‘युनिव्हॅक’ यंत्रासाठी एक विलक्षण आज्ञावली रचली. नोंदी कोणत्या क्रमाने हव्यात एवढे तिला सांगावे, की त्या लावण्याची आज्ञावली ती स्वतःच लिहून देई! हजारो नोंदी अनुक्रमे लावणे म्हणजे काय, हे कोणत्याही कचेरीतील कारकुनाला विचारावे. पण यंत्र बांधणे तेवढे संशोधन, त्याला काम सांगणे ही कारकुनी, अशीच तेव्हाची समजूत. होल्बर्टनबाईंना मोठे सन्मान लाभले ते १९९७ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी.