सालीतून वाहणारी वीज

सांगोल्याच्या एखाद्या डाळिंबाच्या बागेत पाच एचपीची मोटर सुरू करा. स्टार्टरच्या पेटीवरचा काटा एक उडी मारतो आणि सात-आठ अँपिअरवर येऊन थांबतो. तेवढ्याला करंगळीएवढी केबल पुरते.

आता याच जिल्ह्यातल्या फताटेवाडीला चला, दक्षिण सोलापूर तालुक्यात. तिथल्या एनटीपीसीच्या औष्णिक केंद्रात ६६० मेगावॉटचे दोन संच आहेत. एवढं मोठं जनित्र साधारण वीस ते चोवीस हजार व्होल्टला वीज तयार करतं. हिशेब मांडला तर तिन्ही फेजपैकी एकेकातून वीस हजारांच्या आसपास अँपिअर निघतात. म्हणजे बागेतल्या तशा अडीच हजार मोटरींचा प्रवाह, एकाच वाटेनं!

पुढे रोहित्रानं दाब वाढवून ४०० किलोव्होल्ट केला, की हाच प्रवाह हजार-अकराशेवर उतरतो आणि मनोऱ्यांवरच्या तारा तो आरामात पेलतात. पण जनित्रापासून रोहित्रापर्यंतच्या त्या छोट्याशा अंतराचं काय? तिथे असतो बसडक्ट. प्रत्येक फेजसाठी ॲल्युमिनियमची एक जाड नळी, आणि तिच्याभोवती माणूस रांगत जाईल एवढी रुंद दुसरी नळी. मध्ये फक्त हवा, आणि आतल्या नळीला तोलून धरणारे चिनीमातीचे इन्सुलेटर.

पहिला प्रश्न लगेच पडतो. एवढा प्रवाह न्यायचा, तर वाहक पोकळ कशाला? भरीव दांडाच का नको?

कारण दिशा बदलणाऱ्या विजेला मधोमध चालायला आवडत नाही. तिचंच बदलतं चुंबकीय क्षेत्र तिला कडेला रेटतं. ५० हर्ट्झला ॲल्युमिनियममध्ये ती मुख्यतः वरच्या १२ मिलिमीटरच्या थरातून वाहते, त्याखाली झपाट्यानं विरळ होत जाते. भरीव दांड्याचा गाभा म्हणजे नुसतं ओझं. मग तो काढूनच टाकलेला बरा!

तरीही नळी तापते. पंखा नाही, पाणी नाही, मग उष्णता जाते कुठे? इथे कामाला येतो काळा रंग. चकचकीत ॲल्युमिनियम उष्णता सहजी सोडत नाही. काळा, बिनचमकीचा पृष्ठभाग ती भराभर बाहेर फेकतो. म्हणून आतली नळी बाहेरून आणि बाहेरची नळी आतून काळी रंगवतात. एक देणारी, एक घेणारी. तापून धातू लांबतो, तेही गृहीत धरलेलं असतं. तापमान ६० अंशांनी चढलं तर दहा मीटर ॲल्युमिनियम सुमारे १४ मिलिमीटर वाढतं. म्हणून मध्ये मध्ये लवचीक सांधे.

पण खरी गंमत बाहेरच्या नळीत आहे. ती नुसतं झाकण असेल, असं वाटतं ना?

शेजारी शेजारी प्रवाह वाहणारे दोन वाहक एकमेकांना ओढतात किंवा ढकलतात. एक मीटर अंतरावर वीस-वीस हजार अँपिअर असतील, तर दर मीटरला आठेक किलोंचा जोर. किरकोळच. पण शॉर्टसर्किट झालं आणि प्रवाह दहापट झाला, तर जोर शंभरपट होतो! दर मीटरला आठशे किलो, तोही सेकंदाला शंभरदा हिसके देत. शिवाय इंडक्शन शेगडीवर भांडं तापतं, तसं भोवतालचं लोखंड, कठडे, काँक्रीटमधल्या सळ्या रोजच्या प्रवाहातही तापू लागतील.

यावर उपाय निसर्गानंच देऊन ठेवलाय. आतल्या प्रवाहाचं बदलतं क्षेत्र बाहेरच्या नळीत उलट दिशेचा प्रवाह जागवतं, आणि तोही जवळजवळ तेवढाच! वीस हजार आत, जवळपास तेवढेच बाहेरच्या नळीत, म्हणजे सालीत, विरुद्ध दिशेला. दोघांची क्षेत्रं बाहेर एकमेकांना खोडतात. शेजारच्या फेजपर्यंत जोर पोचतो तो अगदी थोडा, आणि भोवतालचं लोखंड थंड राहतं. हा सालीतला प्रवाह कुणी सोडलेला नाही. तो आपसूक उगवतो आणि आतला वाढला की क्षणात वाढतो. आतला प्रवाह एकाच दिशेनं संथ वाहणारा असता, तर साल ढिम्म राहिली असती.

मात्र प्रवाहाला परतीची वाट लागते. म्हणून तिन्ही साली दोन्ही टोकांना जाड पट्ट्यांनी जोडतात. तिथे तिघींचे प्रवाह भेटतात आणि कोणत्याही क्षणी बेरीज जवळपास शून्य होते: दोघींनी आणलेलं तिसरी घेऊन जाते. याच साली जमिनीशीही जोडलेल्या असतात. त्यामुळे हजारो अँपिअर वाहत असतानाही त्यांच्यावर दाब नाममात्रच असतो.

पूर्वीच्या रचनेत सालीचे तुकडे एकमेकांपासून विलग ठेवत. प्रवाह एका तुकड्यातून दुसऱ्यात जाऊ शकत नसे आणि ही जादू अर्धवट राहायची. आता ते टोकापासून टोकापर्यंत सलग वेल्ड करतात. सालीची जाडी, तिची उष्णता, तिचे सांधे हे सगळं आतल्या नळीइतकंच काटेकोर मोजतात. कारण झाकण दिसणारी ती गोष्ट म्हणजे दुसरा वाहकच आहे. आणि तिचं सगळं बळ त्या न तुटलेल्या वेल्डच्या रेघेत आहे.