मीटर कुणाच्या नावावर?

जून उजाडला की शिरूर-दौंड पट्ट्यात बिऱ्हाडं हलायला लागतात. शाळा उघडायच्या आत नव्या घरात पोचायचं असतं. मराठवाड्यातून आलेला तरुण रांजणगावच्या एमआयडीसीत लागतो आणि कारेगावात खोली घेतो. कुरकुंभच्या कारखान्यातला कामगार दौंड शहरात फ्लॅट बघतो. रेल्वेतली नोकरी संपवून एखादं जोडपं क्वार्टर सोडतं आणि स्वतःच्या घरात जातं. सगळ्यांच्या सामानाच्या यादीत पलंग, कपाट, फ्रिज असतो. वीज आणि गॅस मात्र ‘तिथं गेल्यावर बघू’ म्हणून मागे ठेवले जातात. या दोन गोष्टी टेंपो ठरवायच्या आधी बघाव्यात, असं मला कळकळीनं सांगायचं आहे. नंतर निस्तरताना पैसा जातो आणि शेजारधर्मही.

वीज कुणाकडून घ्यायची, हा प्रश्न आपल्याकडे उरलेला नाही. दौंड आणि शिरूर महावितरणच्या बारामती मंडलात येतात आणि घरगुती ग्राहकाला दुसरा पुरवठादार नाही. २० जून १९६० रोजी स्थापन झालेल्या वीज मंडळाचे ६ जून २००५ रोजी तुकडे झाले, तेव्हा तारा, मीटर आणि बिलं महावितरणकडे आली. तरी घोडनदीच्या बाजारात आजही ‘एमएसईबीचं बिल’च म्हणतात.

निवड असते कशी, हे पाहायला मुंबई उपनगरात जावं लागतं. जुलै २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं टाटा पॉवरचा घरगुती ग्राहकांना वीज विकण्याचा अधिकार मान्य केला. पुढच्या वर्षी राज्य विद्युत नियामक आयोगानं वाट काढून दिली आणि घरात येणारी तार एका कंपनीची, वीज दुसऱ्या कंपनीची, असं तिथं घडू लागलं. आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यात तर ग्राहकांचीच संस्था वीज वाटत होती. मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेचा परवाना ३१ जानेवारी २०११ रोजी संपला आणि तिचा सगळा भाग महावितरणकडे गेला. अलीकडे अदानी, टोरंट अशा कंपन्यांनी महावितरणच्या काही भागांसाठी समांतर परवाने मागितले. त्याविरुद्ध जानेवारी २०२३ च्या पहिल्या आठवड्यात वीज कर्मचाऱ्यांनी संप पुकारला आणि सरकारशी बोलणी झाल्यावर त्याच दिवशी मागे घेतला. तो वाद मोठा आहे, त्याला वेगळा लेख हवा. कारेगावच्या भाडेकरूला त्यातून आज काही मिळत नाही.

त्याच्या हातात दुसरी निवड आहे आणि ती त्याला कुणी सांगत नाही: मीटर कुणाच्या नावावर असावा.

कारेगाव, ढोकसांगवी, सणसवाडी या गावांत कारखान्यांच्या आधारानं खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. बऱ्याच ठिकाणी बोर्डाचा मीटर एकच असतो आणि प्रत्येक खोलीला मालकानं बसवलेला सबमीटर. महिन्याला मालक आकडा बघतो आणि ठरलेल्या दरानं पैसे घेतो. भाडेकरूला हा दर जास्त वाटतो, मालकाला आपणच तोट्यात असल्यासारखं वाटतं. दोघांचंही खरं असू शकतं, कारण गोम दरांच्या टप्प्यांत आहे. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटांना एक दर लागतो आणि १०१ ते ३०० युनिटांना त्याच्या दुपटीहून अधिक. समजा, चार खोल्या महिन्याला प्रत्येकी ६० युनिट वापरतात. चार मीटर असते तर सगळी २४० युनिटं स्वस्त टप्प्यात बसली असती. मीटर एकच असल्यामुळे १०० युनिटं स्वस्तात आणि १४० महागात पडतात. दोन टप्प्यांत युनिटमागे पाच रुपयांचा फरक धरला तर महिन्याला ७०० रुपये जास्त. उलट बाजूला तीन जादा मीटरांचा स्थिर आकार, प्रत्येकी साधारण १३० प्रमाणे, ३९० रुपये. वेगळे मीटर घेतले तरी चौघांचे मिळून महिन्याला तीनशे रुपये वाचतात. हा हिशेब मालकासमोर कागदावर मांडावा. भांडणानं जे होत नाही ते अशा कागदानं होतं, असा माझा अनुभव आहे.

वीज कायदा २००३ च्या कलम ४३ मध्ये पुरवठा मागण्याचा अधिकार जागेच्या मालकाला किंवा तिथं राहणाऱ्याला दिला आहे. म्हणजे भाडेकरूलाही अर्ज करता येतो. प्रत्यक्षात भाडेकरार आणि मालकाची ना हरकत मागितली जाते, म्हणून ती करार करतानाच घ्यावी. किल्ली हातात पडल्यावर मालकाला सही करायला सवड मिळत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुधारलेल्या केंद्राच्या नियमांनुसार नवी जोडणी पालिका हद्दीत सात दिवसांत आणि ग्रामीण भागात पंधरा दिवसांत मिळायला हवी. शिरूर आणि दौंड या नगरपरिषदा आहेत, तिथं सात दिवस धरायचे. कारेगाव-पाटससारख्या गावांत पंधरा. नव्या तारा किंवा डीपी टाकायची असेल तर अर्थातच जास्त वेळ लागतो.

घर विकत घेणाऱ्यानं आधी पाहायची गोष्ट म्हणजे थकबाकी. इंडेक्स टू, नमुना आठ, घरपट्टीची पावती या कागदांच्या गठ्ठ्यात शेवटचं वीजबिल क्वचितच असतं. जुन्या मालकाची थकबाकी जागेला चिकटलेली राहते. नव्या मालकाला पुरवठा देताना ती मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९ मे २०२३ च्या निकालात स्पष्ट केलं आहे. महाराष्ट्राच्या वीज पुरवठा संहितेत ग्राहकाला एक आधार आहे: वारसाहक्कानं घर आलं असेल तर गोष्ट वेगळी, एरवी नव्या मालकावर जास्तीत जास्त सहा महिन्यांची थकबाकी टाकता येते. पण सहा महिन्यांची थकबाकी म्हणजेसुद्धा एखाद्या घराचा महिन्याचा किराणा. म्हणून खरेदीखताच्या दिवशी ग्राहक क्रमांक टाकून मोबाईलवर बाकी बघावी, मीटरच्या आकड्याचा फोटो काढावा आणि नावबदलाच्या अर्जावर जुन्या मालकाची सही त्याच बैठकीत घ्यावी. सहा महिन्यांनी त्यांना सहीसाठी शोधत फिरणं फार अवघड जातं.

मळ्यात किंवा वस्तीवर घर घेणाऱ्यानं आणखी एक विचारावं: ही वस्ती गावठाणाच्या फीडरवर आहे की शेतीच्या? दौंड तालुक्यात उसाच्या पट्ट्यात अशी घरं पुष्कळ आहेत. शेतीच्या वाहिनीवर थ्री फेज वीज ठरावीक तासच असते आणि घरातल्या दिव्यांचं गणितही त्या वेळापत्रकाशी बांधलेलं असतं. भाव दोन पैसे कमी म्हणून घर घ्यायचं आणि मुलांचा अभ्यास अंधारात, असं व्हायला नको. याचं उत्तर दलाल देणार नाही, शेजारची बाई देईल. गावातला वायरमन त्याहून नेमकं देईल.

आता पैसे भरण्याकडे येऊ. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्यांचे विजेचे पैसे पगारातून कापले जातात, त्यामुळे बिल भरण्याची सवयच नसते. निवृत्तीनंतर पहिलं बिल हातात पडतं आणि शेवटची तारीख उलटून जाते. बिलाच्या तारखेपासून सात दिवसांत भरलं तर एक टक्का सूट मिळते, उशीर झाला तर सव्वा टक्का दंड बसतो. ऑनलाइन भरलं तर आणखी पाव टक्का सूट. यूपीआय आणि नेट बँकिंगला जादा पैसे पडत नाहीत, क्रेडिट कार्डाला पडतात. कागदी बिल नको, असं कळवलं तर दर बिलाला दहा रुपयांची सवलत आहे. ज्यांना मोबाईलवर विश्वास बसत नाही त्यांच्यासाठी भरणा केंद्रं आहेतच, पण १ ऑगस्ट २०२३ पासून घरगुती बिलापोटी रोख पाच हजारांपेक्षा जास्त घेतले जात नाहीत.

पगारदाराला मी बँकेतून आपोआप कापून जाणारी सोय सुचवेन. रोजंदारीवर किंवा कंत्राटी कामावर असणाऱ्याला सुचवणार नाही, कारण खात्यात पैसे नसताना हप्ता परत गेला की बँकेचा दंड वेगळा बसतो. त्याच्यासाठी पगाराच्या दिवशी स्वतः यूपीआयनं भरणं बरं. भाडेकरूनंही, मीटर मालकाच्या नावावर असला तरी, शक्य असेल तिथं पैसे मालकाच्या हातात न देता थेट बिलाच्या बारा अंकी ग्राहक क्रमांकावर भरावेत आणि पावती जपावी. बिल नक्की भरलं गेलं याची खात्री राहते आणि घर सोडताना हिशेबाचा वाद उरत नाही.

घर बदलल्यावर मोबाईल नंबर बदलून घेणं हे सगळ्यात जास्त विसरलं जातं. मीटर तुमचा, पण बिलाचा एसएमएस जुन्या मालकाला जातो. ९९३०३९९३०३ या क्रमांकावर इंग्रजी अक्षरांत ‘एमआरईजी’ लिहून एक जागा सोडून ग्राहक क्रमांक पाठवला की नोंद होते. ‘आज रात्री साडेनऊला तुमची लाइट तोडली जाईल, या नंबरवर फोन करा’ असे निरोप आले तर फोन करू नका. थकबाकीसाठी वीज तोडायची तर वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. शंका आली तर १९१२ वर विचारा.

गॅसच्या बाबतीत मात्र आपल्याकडे निवड खरी आहे. इंडेन, भारत गॅस, एचपी या तीन कंपन्या आहेत आणि एका परिसरात एकापेक्षा जास्त वितरक असतील तिथं २०१४ पासून एजन्सीबरोबर कंपनीही बदलता येते. टाकीच्या रंगावरून निवड करू नये. तिघांचा घरगुती भाव गावात सारखाच असतो. फरक पडतो तो गोडाऊन किती लांब आहे, गाडी तुमच्या गल्लीत कोणत्या वारी येते आणि दोघं नवरा-बायको पाळीवर असतील तर टाकी कोण उतरवून घेणार, यानं. टाकी घेताना मोबाईलवर आलेला कोड सांगावा लागतो. घरात थांबणाऱ्या सासूबाईंकडे तो नंबर नसेल तर टाकी दारातून परत जाते.

दुसऱ्या गावाहून येताना टाकी आणि रेग्युलेटर जुन्या एजन्सीत जमा करायचे, अनामत परत घ्यायची आणि ट्रान्सफर व्हाउचर मागून घ्यायचं. शेगडी आपल्याबरोबर येते. व्हाउचर नसेल तर जोडणी नवी धरली जाते आणि अनामत आजच्या दरानं पडते. १६ जून २०२२ पासून १४.२ किलोच्या टाकीची अनामत १४५० वरून २२०० आणि रेग्युलेटरची १५० वरून २५० रुपये झाली आहे. जुनी कमी अनामत असलेल्या कुटुंबाला हा कागद म्हणून मोलाचा. एकटा राहणारा, सहा महिन्यांत पुन्हा हलणारा कामगार असेल तर त्यानं पाच किलोची छोटी टाकी घ्यावी. ओळखपत्रावर मिळते, पत्त्याचा पुरावा लागत नाही. किलोमागे महाग पडते, तरी मोठ्या टाकीतून छोट्या टाकीत चोरून भरून देणाऱ्या दुकानापेक्षा ती कितीतरी सुरक्षित. खोल्यांच्या रांगेत एका दारातली गळती सगळ्यांच्या जिवावर येते. गॅस गळतीसाठी १९०६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, तो दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावा.

सोडलेल्या घराचंही पाहायचं असतं. मीटर तुमच्या नावावर असेल आणि नंतर येणारा तो आपल्या नावावर करून घेणार नसेल, तर कायमस्वरूपी वीज बंद करण्याचा अर्ज करा. राज्य विद्युत नियामक आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार सुरक्षा ठेव सरासरी मासिक बिलाच्या दुप्पट घेतली जाते. ती तुमची रक्कम आहे, तिच्यावर व्याजही मिळतं. अर्ज केला नाही तर ठेव तिथंच पडून राहते आणि पुढचा माणूस जाळेल त्या विजेचं बिल तुमच्या नावानं निघत राहतं.