कार्यक्रम वेळेवर वाजावा म्हणून…
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



आधी आमच्याच चुकीची गोष्ट सांगते. दोन वर्षांपूर्वी आमच्या गटाने पीकविम्यावर पंधरा मिनिटांचा कार्यक्रम केला. बाईच्या नावावर सातबारा असेल तर तिने अर्ज कसा भरायचा, कोणकोणते कागद न्यायचे, सगळं नीट सांगितलं होतं. रेकॉर्डिंग जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात झालं आणि पेनड्राइव्हमध्येच राहिलं. एकीला वाटलं दुसरीने दिलं, दुसरीला वाटलं पहिलीने दिलं. अर्जाची मुदत 31 जुलैची आणि आमचा कार्यक्रम वाजला 5 ऑगस्टला! आठवडी बाजारात एका मावशीने मला गाठलं आणि एवढंच विचारलं, "माय, आधी काबर सांगं नही?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या आठवड्यात आम्ही भिंतीवर तक्ता लावला.

तक्ता म्हणजे काही अवघड प्रकरण नाही. 1973 पासून 'कालनिर्णय' आपल्या घराघरांत टांगलेलं आहे. दूध किती आलं, गॅसचा नंबर कधी लावला, भिशी कुणाकडे आहे, हे आपण त्यावरच लिहितो. रेडिओचा तक्ताही तसाच. ज्या गटाला कार्यक्रम, भित्तिपत्रक किंवा वार्षिक अंक काढायचा आहे, त्या प्रत्येक गटाला तो उपयोगी पडतो.

पहिलं काम, बारा महिन्यांचे बारा कागद घ्या आणि ठरलेल्या तारखा लिहून टाका. 8 मार्च महिला दिन. 1 ते 7 ऑगस्ट स्तनपान सप्ताह. सप्टेंबर पोषण महिना. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या ग्रामसभेच्या तारखा. 24 ऑगस्ट बहिणाबाईंची जयंती. मग तिथीने येणारे सण. आखाजी, कानबाई, पोळा यांची तारीख दरवर्षी सरकते, म्हणून पंचांग बघूनच लिहायची. शेवटी शेतीची कामं. जूनमध्ये पेरणी, पावसाळ्यात फवारणी, दिवाळीच्या आसपास कापूस वेचणी, मार्चपासून उन्हाचा चटका.

दुसरं काम सगळ्यात महत्त्वाचं. तारखेपासून मागे मोजा. कार्यक्रम कधी तयार होईल हे नंतर बघू, ऐकणारीला तो कधी हवा हे आधी ठरवा. फवारणीचंच उदाहरण घ्या. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावरच्या फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. आपल्या जळगाव-धुळ्यातही कापूसच मोठं पीक. फवारणारे बहुतेक पुरुष असले, तरी पंपात भरायचं पाणी वाहून आणणं आणि औषधाने भिजलेले कपडे धुणं बाईकडेच येतं. तेव्हा ही काळजीची माहिती फवारणी सुरू होण्याआधी कानावर पडली पाहिजे. समजा ती जुलैच्या चौथ्या आठवड्यात वाजवायची आहे. तर तिसऱ्या आठवड्यात काटछाट आणि तपासणी, दुसऱ्यात रेकॉर्डिंग, पहिल्यात डॉक्टर आणि कृषी सहायकांची वेळ घेणं. म्हणजे विषय जूनमध्येच तक्त्यावर यायला हवा.

तिसरं काम रकान्यांचं. आमच्या तक्त्यावर सहा आहेत: वाजवायची तारीख, विषय, बोलणार कोण, रेकॉर्ड करणार कोण, तयार कधी हवं, आणि आत्ता कुठवर आलं. शेवटच्या रकान्यात चारच शब्द लिहायचे: ठरलं, रेकॉर्ड झालं, तपासलं, वाजलं. प्रत्येक कामापुढे एकीचंच नाव लिहा. 'सगळ्यांनी मिळून' असं लिहिलं की ते काम कुणाचंच राहत नाही, हे आम्ही विम्याच्या वेळी शिकलो.

चौथं, डब्यात साठवण ठेवा. उन्हाळ्यात आपण बिबडे, पापड, कुरडया करून ठेवतो, मग अचानक पाहुणा आला तरी अडत नाही. तसे कधीही चालतील असे दोन-तीन कार्यक्रम तयार असू द्या. बोलणारी आजारी पडली, वीज गेली, तर त्यातला एक काढायचा. कानबाईची गाणी तर त्या रात्रीच रेकॉर्ड करावी लागतात. ती जपली तर पुढच्या वर्षी सणाच्या आठवडाभर आधीपासून लावता येतात. आणि महिन्यात एक चौकोन मुद्दाम रिकामा सोडा. गारपीट किंवा तापाची साथ काही विचारून येत नाही.

पाचवं, दर सोमवारी वीस मिनिटं तक्त्यासमोर उभं राहायचं. काय वाजलं, काय अडलं, कुणाचा फोन आला, एवढंच बोलायचं. वाजलेल्या कार्यक्रमाची नोंद पुसू नका. सामुदायिक रेडिओला प्रसारित झालेला कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावाच लागतो; नोंद असली की तो लगेच सापडतो.

या नोंदींनी आम्हाला आणखी एक गोष्ट दाखवली. सहा महिन्यांनी 'बोलणार कोण' हा रकाना वरपासून खालपर्यंत वाचला, तर त्याच चार-पाच शिकलेल्या बाया पुन्हा पुन्हा! अहिराणी बोलणारी मजूर बाई एकदाच. सातपुड्याच्या पायथ्याची पावरा बोलणारी एकही नाही. आम्हाला वाटत होतं, आपण सगळ्यांचा रेडिओ चालवतो. तक्त्याने खरं काय ते सांगितलं. आता महिन्याचे दोन चौकोन अशा नव्या आवाजांसाठी आधीच राखलेले असतात.

मैत्रिणींनो, असोद्याच्या बहिणाबाई स्वतः लिहीत नव्हत्या. त्यांच्या ओव्या घरातल्यांनी वेळच्या वेळी वहीत उतरवल्या, म्हणूनच त्या गेल्यानंतर 1952 साली त्यांचं पुस्तक निघू शकलं. नोंद ठेवणाऱ्या हाताचं मोल आपल्या खान्देशाला नव्याने सांगायला नको.

मागच्या जुलैत विम्याचा कार्यक्रम पहिल्याच आठवड्यात वाजला. बाजारात त्याच मावशी भेटल्या. यावेळी त्यांनी काही विचारलं नाही. पिशवीतून अर्जाची पावती काढून दाखवली.

आज संध्याकाळी एक कागद घ्या, पुढच्या महिन्याचे चौकोन आखा आणि पहिल्या चौकोनात एक विषय आणि एक नाव लिहा.