बुलेटचे शौकीन आणि मिस्त्रीचा कान

रॉयल एनफील्डच्या बुलेटची जुळणी 1950 च्या दशकात मद्रासमध्ये सुरू झाली. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. किक मारण्याआधी अॅमीटरचा काटा मध्यावर आणायचा. अंदाज चुकला की किक उलटून पायावर बसायची. तरीही शौकीन तिच्यावर फिदा!

पुढे गिअर डावीकडे आला, बटण स्टार्टर आला. प्रत्येक बदलाला जुने शौकीन म्हणाले, ‘आता ही बुलेट राहिली नाही.’ 2021 मध्ये नवी क्लासिक 350 आली. तिचे रूप जुनेच, पण किक गेली आणि बॅलन्सर शाफ्टमुळे हाताला मुंग्या आणणारी थरथर बरीच कमी झाली. 2023 मध्ये तेच इंजिन बुलेटलाही मिळाले. नवे चालक खूश झाले. जुन्यांना ती थरथरच हवी होती.

आम्हाला मात्र गॅरेजची फिकीर वाटते. जुन्या बुलेटवर कितीतरी उस्तादांची घरे चालली. नुसत्या आवाजावरून ‘टॅपेट ढिले आहेत’ असे सांगणारा कान शागीर्दाला वर्षानुवर्षे राबून मिळायचा. आता कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आणि सेन्सर आहेत. त्यांचा दोष कानाला कळत नाही, यंत्र जोडून पाहावा लागतो.

तेव्हा गॅरेजमध्ये काम शिकणाऱ्या मुलांना आमचे सांगणे आहे: उस्तादाचा कान घ्याच, पण आयटीआयचा दाखलाही घ्या. आवाज बदलला तरी हुन्नर हातात राहिला पाहिजे.