काटा अडतो तेव्हा

टेक्सासमध्ये पहिल्यांदा ब्रिस्केट शिजवणारा माणूस हमखास एकाच टप्प्यावर घाबरतो. गुराच्या छातीकडचा पाच-सहा किलोंचा तुकडा पहाटेच भट्टीत ठेवलेला असतो. भट्टीतली हवा ११० ते १२० अंश सेल्सिअस. मांसात खुपसलेल्या तापमापकाचा काटा छान चढत असतो आणि ६५-७० अंशांच्या आसपास थबकतो. तास जातो, दोन तास जातात, कधी चार-पाचही. काटा जागचा हलत नाही. लाकूड नीट जळत असतं, मांसाला उष्णताही मिळत असते. मग ती जाते कुठे?

अमेरिकी बार्बेक्यूवाले या अवस्थेला ‘स्टॉल’ म्हणतात. चरबी वितळायला उष्णता लागते म्हणून असं होतं, असं बरीच वर्षं सांगितलं जाई. ग्रेग ब्लॉन्डर या भौतिकशास्त्रज्ञाने ते साध्या प्रयोगाने तपासलं. त्यांनी चरबीचा गोळा आणि पाण्याने भिजवलेला स्पंज असे दोन्ही तापवून पाहिले. चरबीचं तापमान न अडखळता वाढत गेलं. स्पंज मात्र ब्रिस्केटसारखाच मध्येच अडला. म्हणजे हा सगळा खेळ पाण्याचा. मांसातलं पाणी पृष्ठभागावर येतं, त्याची वाफ होते आणि आत येणारी उष्णता ती वाफ घेऊन जाते. उन्हाळ्यात माठातलं पाणी गार राहतं, तेच तत्त्व. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायला ४.२ ज्यूल पुरतात. त्याच ग्रॅमची वाफ करायला सुमारे २,३०० ज्यूल लागतात. पृष्ठभाग कोरडा पडू लागला की काटा पुन्हा चढतो. घाई असेल तर मांस कागदात किंवा फॉइलमध्ये गुंडाळतात. वाफ कोंडली की स्टॉल लवकर सुटतो.

पण इतका वेळ घालवायचाच कशाला? आपल्याकडे बार्बेक्यू म्हटलं की निखाऱ्यावर भाजलेले, दहा-पंधरा मिनिटांत तयार होणारे तुकडे आठवतात. अमेरिकेच्या दक्षिणेतला बार्बेक्यू म्हणजे मंद आच, लाकडाचा धूर आणि दहा-बारा तास. गुरांना गळपट्टीचं हाड नसतं, त्यामुळे पुढच्या अंगाचा भार छातीचे स्नायू पेलतात. हे स्नायू कोलॅजेन नावाच्या चिवट प्रथिनाने भरलेले असतात. एकमेकांत पिळलेल्या तीन साखळ्या, अशी त्याची रचना. साठ अंशांच्या पुढे कोलॅजेन आकसतं आणि मांस आधी अधिकच घट्ट होतं. त्यानंतर, सत्तरच्या वर तासन्तास ठेवलं, तर साखळ्या सुटून त्याचं जिलेटिन बनतं. वातड तुकडा ९५ अंशांजवळ पोहोचेपर्यंत बोटाने सुटण्याइतका मऊ होतो. मोठ्या जाळावर हे साधत नाही. कोलॅजेन विरघळायच्या आत बाहेरचं मांस जळून जातं.

धुराचं रसायनशास्त्रही तितकंच देखणं आहे. लाकडातलं लिग्निन तापून फुटलं की ग्वायाकॉल आणि सिरिंगॉल ही संयुगं तयार होतात. धुराची चव आणि वास बराचसा त्यांचाच. म्हणून मध्य टेक्सासात पोस्ट ओक आणि पूर्वेकडे हिकरी यांचा इतका आग्रह. कापलेल्या ब्रिस्केटच्या कडेला जी गुलाबी पट्टी दिसते, ती कच्चेपणाची खूण नव्हे. ज्वलनातून निघालेला नायट्रिक ऑक्साइड ओल्या पृष्ठभागात विरघळतो आणि मांसातल्या मायोग्लोबिनला चिकटून त्याचा रंग पक्का करतो. या पट्टीला स्वतःची चव नसते, तरी खवय्ये आधी तीच शोधतात.

हे ज्ञान प्रयोगशाळेत जन्मलेलं नाही. कॅरिबियन बेटांवरचे मूळ रहिवासी लाकडी चौकटीवर, मंद आचेवर मांस शिजवत. व्हर्जिनिया आणि कॅरोलायनात जमिनीत लांब चर खणून त्यात निखारे पसरायचे आणि वर अख्खं डुक्कर ठेवायचं, ही पद्धत रुजली आणि रात्रभर त्या धगीत राबणारे हात बहुतेक गुलाम आफ्रिकी माणसांचे होते. दक्षिण कॅरोलायनाचे वेस्ली जोन्स त्यांतलेच. १९३०च्या दशकात, वय नव्वदीच्या पुढे असताना, त्यांनी सरकारी नोंदकारांना आपलं काम सांगितलं: रात्रभर जागायचं आणि व्हिनेगर, लोणी, मिरी, लाल मिरची, कांदा, लसूण, धणे अशा मिश्रणाने मांस पुन्हा पुन्हा माखायचं. आजच्या भाषेत सांगायचं, तर ते पृष्ठभाग ओला ठेवून तापमान काबूत ठेवत होते आणि धुरातले रेणू टिपून घेत होते. हाताशी तापमापक नव्हता. होती ती नजर, बोटं आणि रात्रीचा अनुभव. मला हे प्रायोगिक विज्ञानच वाटतं आणि त्याचं श्रेय फार उशिरा, फार थोडं दिलं गेलं.

टेक्सासची शाखा थोडी निराळी. तिथे एकोणिसाव्या शतकात आलेल्या जर्मन आणि चेक खाटकांनी न विकलेलं मांस धुरावून विकायला सुरुवात केली. लॉकहार्ट गावातलं क्रॉइझ मार्केट १९०० सालचं, ब्लॅक्स १९३२चं. ग्राहकांत कापूस वेचणारे मजूरही असत. मांस खाटकाच्या कागदावर मिळे आणि उभ्या-उभ्या खाल्लं जाई. आजही अनेक ठिकाणी ताटाऐवजी कागदच असतो. टेक्सास ए अँड एम विद्यापीठात तर मांसशास्त्राचे प्राध्यापक विद्यार्थ्यांना बार्बेक्यूचा अभ्यासक्रम शिकवतात.

ऑस्टिन किंवा ह्यूस्टनला लेक-जावई असतील, तर पुढच्या फेरीत लॉकहार्टला जरूर जा. ऑस्टिनपासून ते पन्नासेक किलोमीटरवर आहे. मांस खात नसलात तरी स्मिटीज मार्केटच्या जुन्या इमारतीत जमिनीलगत पेटलेलं लाकूड आणि काळ्या पडलेल्या विटांच्या भट्ट्या पाहता येतात. दुपारपर्यंत थांबू नका. चांगल्या ठिकाणचं ब्रिस्केट लवकर संपतं आणि संपलं की त्या दिवशी पुन्हा शिजवायला वेळच उरलेला नसतो.