अनंत पृथ्व्यांचा प्रलय

‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ ही बारा अंकांची मालिका डीसी कॉमिक्स ह्या अमेरिकी प्रकाशनसंस्थेने आपल्या पन्नासाव्या वर्षी सुरू केली. तिच्या अंकांवर एप्रिल १९८५ ते मार्च १९८६ हे महिने छापलेले आहेत. लेखन मार्व वुल्फमन ह्यांचे आणि चित्रे जॉर्ज पेरेझ ह्यांची असलेल्या ह्या मालिकेत संस्थेचे जवळपास सारे नायक व खलनायक विश्वनाश टाळण्यासाठी एकत्र येतात; मात्र तो विश्वनाश ज्या कारणासाठी कल्पिला गेला ते कारण कथेबाहेरचे होते, आणि ते म्हणजे अर्ध्या शतकात साचलेल्या परस्परविसंगत कथांचा एकदाच निकाल लावणे.

ह्या विसंगतीचे मूळ फ्लॅश ह्या अतिवेगवान नायकाच्या दोन अवतारांत सापडते. पहिला फ्लॅश, म्हणजे जे गॅरिक, १९४० साली अवतरला; महायुद्धानंतर अशा नायकांची लोकप्रियता ओसरल्यावर तो मागे पडला आणि १९५६ मध्ये त्याच नावाने बॅरी ॲलन हा नवा नायक आला, ज्याने जे गॅरिकच्या कथा लहानपणी कॉमिक्समध्येच वाचलेल्या होत्या. मग १९६१ मध्ये गार्डनर फॉक्स ह्यांनी संपादक ज्युलियस श्वार्ट्झ ह्यांच्यासाठी लिहिलेल्या आणि कारमाइन इन्फँटिनो ह्यांनी रेखाटलेल्या एका कथेत दोघांची भेट घडवली आणि तिला असे स्पष्टीकरण दिले, की एकाच जागी दोन पृथ्व्या निरनिराळ्या कंपनवेगाने नांदतात आणि म्हणून त्या एकमेकींना दिसत नाहीत. ह्या एका युक्तीतून ‘बहुविश्व’, म्हणजे शेजारीशेजारी असलेल्या अनेक विश्वांचा समुच्चय, जन्माला आले आणि १९६३ पासून दोन पृथ्व्यांच्या नायकसंघांची भेट हा वार्षिक पायंडाच पडला.

समांतर इतिहासाची कल्पना मराठी वाचकाला जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ह्या कथेमुळे परिचित आहे. तेथे पानिपतचा निकाल पालटतो आणि पुढचे सारे पालटत जाते. डीसीच्या पृथ्व्यांपैकी पृथ्वी-एक्स ही त्या जातीची, कारण तेथे दुसरे महायुद्ध नाझींनी जिंकलेले आहे. पण पृथ्वी-एस ही फॉसेट आणि पृथ्वी-४ ही चार्लटन ह्या अन्य प्रकाशकांकडून आलेल्या पात्रांसाठी योजलेली होती, म्हणजे त्यांच्यामागे इतिहासाचा प्रश्न नव्हता, व्यवहार होता. ही गुंतागुंत नव्या वाचकांना दूर ठेवते असे वुल्फमन ह्यांचे मत होते. मात्र दोन पृथ्व्यांची वार्षिक भेट दोन दशकांहून अधिक काळ आवडीने वाचली गेली हे ध्यानात घेता त्या मताविषयी शंका घेण्यास पुरेशी जागा आहे.

मालिकेतील संहाराचे साधन आहे प्रतिद्रव्य. नेहमीच्या द्रव्याच्या कणांना विरुद्ध विद्युतभाराचे जोडीदार असतात, हे पॉल डिरॅक ह्यांच्या समीकरणातून सूचित झाले आणि १९३२ साली कार्ल अँडरसन ह्यांना त्यांपैकी पॉझिट्रॉन हा कण प्रत्यक्ष आढळला; द्रव्य व प्रतिद्रव्य भेटले की दोन्ही नाहीशी होऊन ऊर्जा उरते. पेरेझ ह्यांनी ह्या कल्पनेला एका पांढऱ्या भिंतीचे रूप दिले, जी पृथ्वीमागून पृथ्वी पुसत पुढे सरकते, आणि चित्रचौकटीतील रेषा व रंग जेथे संपतात तेथे विश्वही संपते. ती रोखण्यासाठी मॉनिटर हा वैश्विक निरीक्षक नायकांना आदिमानवाच्या युगापासून दूरच्या भविष्यापर्यंत निरनिराळ्या काळांत उभारलेल्या यंत्रमनोऱ्यांच्या रक्षणासाठी धाडतो, त्यामुळे ज्यांची एरवी गाठ पडणे अशक्य, अशी पात्रे खांद्याला खांदा लावून लढतात.

कालप्रवासाचा सर्वांत हृद्य उपयोग मात्र बॅरी ॲलनच्या मृत्यूत झाला आहे. दुसऱ्याच अंकात तो बॅटमनसमोर छायारूपाने प्रकटतो, जग मरत असल्याचे सांगतो आणि विरून जातो. ह्याचा उलगडा आठव्या अंकात होतो, जेथे अँटी-मॉनिटर ह्या संहार घडवणाऱ्या खलनायकाची प्रतिद्रव्य-तोफ मोडण्यासाठी तो इतक्या वेगाने धावतो, की काळात मागे ओढला जातो, त्याचे शरीर झिजत जाते आणि मागे केवळ पोशाख उरतो. परिणाम आधी आणि कारण नंतर, अशा ह्या मांडणीमुळे वाचकाने पूर्वी पाहिलेली छाया हा त्याचा निरोप होता हे उशिरा कळते. सातव्या अंकातील सुपरगर्लचे बलिदानही थोर आहे, परंतु रचनेचे एवढे सामर्थ्य त्यात नाही.

दहाव्या अंकात नायक कालारंभी पोहोचतात, तेथे स्पेक्टर हा आत्मारूपी नायक आणि अँटी-मॉनिटर ह्यांची झुंज होते आणि सृष्टी नव्याने जन्मते, ह्यावेळी एकच पृथ्वी घेऊन. ह्यापुढचा अकरावा अंक फारसा वाखाणला जात नाही, पण मालिकेचा गाभा तोच आहे. पृथ्वी-२, म्हणजे जे गॅरिकची पृथ्वी, हिच्यावरील बॅटमनची कन्या हंट्रेस हिला उमगते, की नव्या जगाच्या इतिहासात तिचा जन्मच झालेला नाही. तिच्या पृथ्वीवरील सुपरमनलाही तेथे घर उरलेले नाही. संपादकांनी जे ओझे मानले ते कुणाचे तरी आयुष्य होते, हे वुल्फमन ह्यांनी ह्या पानांवर प्रांजळपणे दाखवले आहे.

१९८६ मध्ये जॉन बर्न ह्यांच्या ‘मॅन ऑफ स्टील’ने सुपरमनची कथा मुळापासून मांडली, पण इतर अनेक मालिका जुनाच इतिहास धरून चालू राहिल्याने नव्या विसंगती उद्भवल्या; नव्या कथेतील सुपरमन कधी सुपरबॉय नव्हताच, त्यामुळे सुपरबॉयच्या प्रेरणेने स्थापन झालेल्या ‘लीजन ऑफ सुपर-हिरोज’ ह्या नायकसंघाला तर सुपरबॉयच उरला नाही. १९९४ मध्ये ‘झीरो अवर’ ही दुरुस्तीची दुसरी मालिका काढावी लागली. २००७ मध्ये ‘५२’ ह्या मालिकेच्या अखेरीस बावन्न विश्वे परतली आणि २००८ मध्ये बॅरी ॲलनही परतला. व्यवस्था लावण्याचा प्रयत्न म्हणून ‘क्रायसिस’ ही मालिका अयशस्वी ठरली. शोककथा म्हणून तिची बरोबरी डीसीच्या नंतरच्या कोणत्याही महासंकट-मालिकेला साधलेली नाही.